गोठ्याचं पाणी घासाला सोडलं, आणि गायी खाली बसल्या: ४२ गायींच्या एका गोठ्याचं प्रकरण

नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तरेकडचा हा गोठा. गाव, नावं काही देत नाही, मालकांना सगळे तात्या म्हणतात म्हणून इथेपण तात्याच. मी त्यांच्याकडे पाण्याचं डिझाईन करायला गेलो होतो, म्हणजे यात ज्या चुका आहेत त्यातल्या दोन मोठ्या माझ्या आहेत हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

४२ संकरित होल्स्टीन गायी, त्यातल्या साधारण ३४ दुधात आणि बाकीच्या आटवलेल्या (व्यायच्या आधी दूध बंद केलेल्या), वर वीसेक कालवडी-वासरं. अर्धा गोठा बांधीव आणि अर्धा मुक्तसंचार. धारा मशिनवर, सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच. जमीन काळी भारी, विहीर बरी, कॅनॉलचं आवर्तन आलं तर आलं. वैरणीला तीन एकर हत्तीघास, एक एकर लसूणघास, आणि गोठ्यामागे दीड एकर मारवेल गवताचं कुरण, पोराच्या हौसेचं. कालवडींना मोकळं चरायला सोडायचं म्हणजे पाय मजबूत होतात असं त्याने कुठेतरी बघितलं होतं. त्यात चूक काही नाही.

गोठा धुवायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे असते तीच, एक इंची पाईप लावायचा आणि शेण-मूत सगळं पाण्याने गटारात ढकलायचं. गटार मागच्या खड्ड्यात, खड्डा भरला की ओढ्यात. वीस वर्षं असंच चाललं होतं, गायी सहा होत्या तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

अडचण

२०२१ च्या दिवाळीनंतर ओढ्याच्या खालच्या बाजूच्या शेजाऱ्याच्या विहिरीला वास यायला लागला. आधी तोंडी भांडण, मग ग्रामपंचायतीत अर्ज. त्यात कोणीतरी सांगितलं की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डेअरी फार्म आणि गोशाळांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, आता गोठे पण नियमात आलेत, आणि तात्यांची झोप उडाली. मला फोन आला तो वहिनींचा, म्हणजे त्यांच्या सूनबाईंचा, कारण गोठ्याचा सगळा हिशोब त्याच ठेवतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "सर, उन्हाळ्यात घासाला पाणी पुरत नाही आणि इकडे एवढं पाणी ओढ्यात जातंय, हे स्वच्छ करून घासाला देता येईल का?"

येईल की. पण किती पाणी आहे आणि त्यात काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. गटाराच्या तोंडाशी दोनशे लिटरचा ड्रम आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन आम्ही दोन दिवस बसलो. दिवसाला जवळपास ६,००० लिटर निघालं, म्हणजे गायीमागे १४० लिटर फक्त धुण्याचं. तात्यांचा विश्वास बसेना, तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मोजलं.

लॅबचा रिपोर्ट आला, बीओडी लिटरला १,१०० मिलिग्रॅम. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी, पाण्यातली घाण कुजताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं हे माप. पर्यावरण संरक्षण नियमांत सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याला १०० ची आणि ओढ्या-नदीत सोडायला ३० ची मर्यादा आहे. म्हणजे ओढ्याचा विषय तिथेच संपला, ३० पर्यंत आणायचं म्हणजे लई खर्च, जमिनीवरच वापरायचं हे ठरलं. माझ्या मते तो निर्णय तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय एका कंपनीचा रेडिमेड प्लँट, हवा मारणारा ब्लोअर वगैरे असलेला. कोटेशन साडेनऊ लाख, वीज वेगळी. पैसे सोडा, शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री यायची, त्यात ब्लोअर रोज आठ-दहा तास बंद राहिला की आतले जिवाणू कमजोर पडणार आणि प्लँटची घडी बिघडणार. हॉटेलला, सोसायटीला ते चालतं, तिथे एक माणूस पगारी ठेवलेला असतो. गोठ्यावर पहाटे पाचला धार काढणाऱ्या माणसाने प्लँटपण सांभाळावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरा पर्याय तात्यांचा स्वतःचा, सगळं गोबरगॅसमध्ये सोडा. ऐकायला छान, पण गोबरगॅसला शेण आणि पाणी साधारण निम्मं-निम्मं लागतं, हे गटाराचं पाणी म्हणजे पातळ ताक. ते टाकलं तर डायजेस्टर, म्हणजे गोबरगॅसची टाकी, धुऊन निघेल, गॅस मिळणार नाही आणि पाणी मळकंच बाहेर येईल. शेण वेगळं उचलून गोबरगॅसला आणि पाणी वेगळं, एवढं मात्र त्यातून घेतलं.

तिसरा, काहीच प्रक्रिया न करता टँकरने शेतात फेकायचं. बरेच जण करतात. पण वास, माश्या, जंतांची अंडी सगळं घासावर जातं आणि तोच घास परत गव्हाणीत येतो.

चौथा म्हणजे तळी. आधी खोल बंद टाकी, मग उथळ उघडं तळं, मग कर्दळीचा वाफा, आणि शेवटी साठवण. वीज नाही, उतार आपोआप काम करतो, जागा मात्र लागते. तात्यांकडे गोठ्याच्या खालच्या अंगाला पाच-सहा गुंठे पडीक होतं आणि एक जुनं १५ बाय १५ मीटरचं शेततळं, ज्याचा प्लास्टिकचा कागद फाटून तीन वर्षं झाली होती. तिथेच ठरलं.

काय केलं

आधी पाणी कमी केलं. यासाठी काही बांधावं लागलं नाही. धुण्याआधी शेण फावड्याने कोरडं उचलायचं, पाईपच्या तोंडाला दाबल्यावरच पाणी सुटेल असा नोझल, आणि गायींची रोजची आंघोळ बंद, फक्त कास आणि सड धुवायचे. गोठ्याच्या पत्र्याला पन्हाळ लावून पावसाचं पाणी वेगळं काढलं. हे पन्हाळीचं काम लोकांना किरकोळ वाटतं. चारशे चौरस मीटर पत्रा आणि वर्षाचा ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर २४० हजार लिटर चांगलं पाणी उगाच घाणीत मिसळत होतं, तेवढी मोठी साठवण आपण विनाकारण खोदली असती. धुण्याचं पाणी ६,००० वरून ३,३०० लिटरवर आलं, महिन्याभरात.

आणि मग एक गंमत झाली. दुसरा रिपोर्ट आला तर बीओडी १,१०० चा १,५०० झालेला. तात्या चिडले, "अहो पाणी वाचवलं तर घाण वाढली, हे कसलं शास्त्र?" त्यांना वहीवर मांडून दाखवलं: आधी ६,००० लिटर गुणिले १,१०० म्हणजे दिवसाला ६.६ किलो, आता ३,३०० गुणिले १,५०० म्हणजे जेमतेम ५ किलो. पाणी घट्ट झालं पण एकूण घाण कमी झाली, आणि टाकी-तळी या किलोंवर ठरतात. रिपोर्टचा नुसता आकडा बघून निर्णय घेणारे खूप बघितलेत मी, सरकारी माणसंसुद्धा. असो.

मग बांधकाम. पहिली टाकी आरसीसी, ५ बाय ३ आणि खोली अडीच मीटर, त्यात पाणी अकरा-बारा दिवस थांबतं आणि गाळ खाली बसतो. पुढे १२ बाय ८ मीटरचं उथळ तळं, पाणी सव्वा मीटरच्या आतच ठेवायचं, कारण इथे काम ऊन आणि शेवाळ करतं. शेवाळ ऑक्सिजन देतं, जिवाणू घाण खातात. बाजूंचा उतार धरून इथे पाणी जवळपास चार आठवडे थांबतं. दोन्हीला मधे चाळणी, नाहीतर कुट्टीचे तुकडे जाऊन पाईप तुंबतात, तुंबलाच दोनदा. नंतर खडी भरून कर्दळ लावलेला वाफा, आणि तिथून जुन्या शेततळ्यात, नवा कागद टाकून.

साठवण एवढी कशाला, असं पोरगा विचारत होता. कारण पावसाळ्यात घासाला पाणी लागतच नाही. शंभर दिवस धरले तर ३,३०० प्रमाणे ३३० हजार लिटर कुठेतरी ठेवावं लागणार. १५ बाय १५ बाय ३ च्या शेततळ्यात बाजूंचा उतार वजा जाता ४४० हजारच्या आसपास बसतं, वर पडणारा पाऊस धरून जमलं. नसतं जमलं तर ऑगस्टमध्ये ते परत ओढ्यातच गेलं असतं आणि शेजारी परत पंचायतीत. सगळ्याला मिळून साडेतीन लाखाच्या घरात खर्च आला, मजुरीत घरच्यांचे हात धरलेले नाहीत.

जाता जाता एक. बंद टाकीला कुंपण आणि झाकणाला कुलूप केलं, आणि आत कोणी, काहीही पडलं तरी, उतरायचं नाही हे तीनदा सांगितलं. शेणाच्या टाकीत हायड्रोजन सल्फाईड साठतो, माणूस दोन श्वासांत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसरापण पडतो. अशा बातम्या आपण वाचतो आणि विसरतो.

पहिल्या पिकाचा निर्णय: कुठल्या गवताला, कधी

साठवण तळ्याचा पहिला रिपोर्ट छान आला, बीओडी ८५. मी खूश, तात्या खूश. आता कुठे द्यायचं?

पोराला मारवेलच्या कुरणाला द्यायचं होतं, ते सगळ्यात जवळ, स्प्रिंकलर आधीच बसवलेले. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. जनावरांचे डॉक्टर तिथे बसले होते, ते म्हणाले कालवडी आणि वासरं या पाण्यावरच्या गवतात अजिबात नको. कारण जोन्स, म्हणजे क्षयाच्या जवळच्या जिवाणूचा आतड्याचा रोग. तो शेणातून पसरतो, वासरू लहानपणी पकडतं आणि लक्षणं दिसतात दोन-पाच वर्षांनी, दुसऱ्या-तिसऱ्या वेताला, गाय पातळ हगते आणि खंगत जाते. तोपर्यंत कळतच नाही कुठून आला. हा जिवाणू मातीत, पाण्यात महिनोन् महिने टिकतो. आपल्याच गोठ्याचं शेणपाणी आपल्याच वासरांना खाऊ घालायचं म्हणजे रोगाला घरचा रस्ता दाखवणं.

तर कुरण बाद, निदान चरण्यासाठी. कुरणाला विहिरीचं पाणी, गोठ्याचं पाणी हत्तीघासाला, कारण तो उभा वाढतो, कापून आणतो, आणि बुडखा जमिनीपासून वीतभर वर कापला तर चिखल लागत नाही. स्प्रिंकलर पूर्ण बंद, पानांवर पाणी पडायला नको आणि वाऱ्याने तुषार अंगावर यायला नकोत. ड्रिप लावून बघितलं, शेवाळाने आठवड्यात चोंदलं, मग साध्या सऱ्या. दारं धरणाऱ्याला गमबूट आणि हातमोजे दिले, गमबूट घालतो, हातमोजे नाही.

जंतांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या मार्गदर्शनात वैरण आणि कुरणाच्या पाण्याला लिटरमागे एकापेक्षा जास्त जंताचं अंडं नको असं आहे, आणि तळ्यांमध्ये आठ ते दहा दिवस पाणी थांबलं तर तिथपर्यंत पोचता येतं. अंडी जड असतात, खाली बसतात. आपल्या तालुक्याच्या लॅबमध्ये ती टेस्ट होत नाही, म्हणून आम्ही दिवसांवर भरवसा ठेवला, आपल्याकडे चाळीसेक दिवस होतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या मार्गदर्शनात दुभती जनावरं अशा कुरणात पाणी बंद केल्यावर १५ दिवस सोडू नयेत असं म्हटलंय, तेच आम्ही कापणीला लावलं. हत्तीघास ४५ दिवसांनी कापायला येतो. कापा झाला की पहिले तीन आठवडे गोठ्याचं पाणी, नंतर विहिरीचं. लक्षात राहत नाही म्हणून वहिनींनी प्लॉटच्या कोपऱ्यात काठ्या रोवल्या, लाल चिंधी म्हणजे गोठ्याचं पाणी चालू, चिंधी काढली म्हणजे पंधरा दिवस मोजायला सुरुवात. माझ्या एक्सेल शीटपेक्षा ती चिंधी जास्त चालली.

मग काय बिघडलं

पहिली गोष्ट वासाने कळली. आठ महिन्यांनी उथळ तळ्याचा हिरवा रंग जाऊन पाणी काळं-राखाडी पडलं आणि घाण वास सुटला. आम्ही जास्त घाण येतेय का ते शोधत बसलो, निघालं भलतंच. खुरांच्या दुखण्यासाठी गायींना मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, पाण्यातून चालवतात, दर आठवड्याला दीडशे लिटरचं ते निळं पाणी वापरून झालं की गडी गटारात ओतायचा. मोरचूद आपण द्राक्षाला बुरशीसाठी मारतो, तळ्यातल्या शेवाळाला तो जगू देणार होय? मेलं शेवाळ. आणि तांबं कुजत नाही, उडून जात नाही, जिथे जाईल तिथल्या मातीत बसतं. ही माझी पहिली चूक, गटारात काय काय ओततात याची यादी मी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होती. पाणी मोजलं, पण पाण्यात कोण काय टाकतं ते विचारलंच नाही. दगडीचं (कासेच्या सुजेचं) औषध चालू असलेल्या गायींचं फेकायचं दूध, व्याल्यावर पडणारी वार, मशिन धुण्याचं कॉस्टिक, सगळं त्याच गटारात होतं.

कॉस्टिकचं वेगळं सांगायला पाहिजे. दूध मशिन रोज अल्कलीने धुतात, त्यात सोडियम. काळ्या जमिनीला सोडियम म्हणजे विष, माती फुगते, पाणी मुरत नाही, वर साय धरल्यासारखी होते. प्रवरा-गोदावरीच्या कॅनॉलपट्ट्यातल्या माणसाला चोपण जमीन म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, एकदा बघितली की पुरे. तात्यांच्या प्लॉटमध्ये दुसऱ्या हिवाळ्यात एका कोपऱ्यात सऱ्यांमध्ये पाणी दोन-दोन दिवस साचायला लागलं, तेव्हा तेच म्हणाले, "हे काही बरं दिसत नाही."

दुसरी गोष्ट जास्त वाईट. २०२३ च्या हिवाळ्यात व्यायलेल्या सात गायींपैकी तीन व्याल्यावर एक-दोन दिवसांत खाली बसल्या. कान गार, मान पोटाकडे वळवलेली. दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरणं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, दोन उठल्या, एक नाही उठली. तिसऱ्या वेताची होती, बावीस लिटरची. आधीच्या वर्षांत एखादी व्हायची, सातात तीन कधी नाही.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "आटवलेल्या गायींना काय घालता?" तर गोठ्याच्या पाण्यावरचा हत्तीघास. का, तर तो सगळ्यात लुसलुशीत, हिरवागार, आणि गाभण गायीला चांगलंचुंगलं घालायचं म्हणून वहिनी मुद्दाम तोच काढून ठेवायच्या. घासाचा नमुना लॅबला दिला, कोरड्या वजनात पोटॅश (पोटॅशियम) ३.९ टक्के.

याचं कारण असं. गाय खाल्लेलं जादा पोटॅश मुतातून बाहेर टाकते. मूत गटारात, गटार टाकीत, टाकीतून तळ्यात. टाकी, तळं, कर्दळ, यातलं कोणीही पोटॅश काढत नाही. बीओडी १,५०० चा ८५ झाला, पोटॅश होतं तिथेच. ते घासाला मिळालं, आणि हत्तीघास हावरट, जेवढं पोटॅश मिळेल तेवढं गरज नसताना ओढून घेतो. तो घास गायीने खाल्ला की पोटॅशमुळे रक्ताची आम्लता-अल्कताच बदलते, आणि मग व्याल्यावर हाडांतून कॅल्शियम सोडायची जी यंत्रणा असते ती वेळेवर जागी होत नाही. वर हत्तीघासात ऑक्झलेट असतं, ते खाण्यातलं कॅल्शियम आणखी बांधून ठेवतं. मी बीओडीकडे बघत बसलो होतो आणि गाय पोटॅशने बसली. ही माझी दुसरी चूक, आणि ही महागात पडली, तात्यांना, मला नाही.

दुरुस्ती

साठवण तळ्यातल्या पाण्याचा यावेळी पूर्ण रिपोर्ट काढला. नत्र लिटरला २१० मिलिग्रॅम, पोटॅश ४३०, क्षारता २.८. वर्षाचं पाणी १,२०० घनमीटर. गुणाकार केला तर २५० किलो नत्र आणि ५०० किलोच्या वर पोटॅश, म्हणजे युरियाच्या बारा आणि म्युरेट ऑफ पोटॅशच्या वीस गोण्या. आणि हे सगळं आम्ही एका एकरात ओतत होतो, वर तात्या सवयीने १९:१९:१९ हे मिश्र खतपण टाकत होते.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज होता. पाण्याच्या हिशोबाने बघितलं तर १,२०० घनमीटर हत्तीघासाच्या तिसरा हिस्सा एकरालापण पुरत नाही, त्यामुळे एक एकर म्हणजे भरपूर पातळ पसरलं असं आम्हाला वाटलं. खताच्या हिशोबाने बघितलं तर तेच पाणी दीड एकराला जास्त होतं, आणि काळ्या जमिनीत पोटॅश मुळात भरपूर असतं म्हणून खरं तर तीनही एकरांवर फिरवायला पाहिजे होतं. हे पाणी म्हणून बघायचंच नाही, पातळ खत म्हणून बघायचं.

मग दोनशे मीटर पाईप वाढवून तीनही एकरांना आळीपाळीने, एक भाग गोठ्याचं तीन भाग विहिरीचं असं मिसळून. विहिरीची क्षारता ०.८, मिसळल्यावर १.३ च्या आसपास येते. हत्तीघासाला बाहेरचं खत बंद, फक्त स्फुरद. आटवलेल्या गायींना व्यायच्या आधी महिनाभर या घासाची काडी नाही, त्यांना ज्वारीचा कडबा, मक्याचा मुरघास आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मिनरल मिक्श्चर. गोठ्याच्या पाण्यावरचा घास फक्त दुधातल्या गायींना, तोही कडब्याबरोबर मिसळून. पावसाळी ढगाळ आठवड्यात त्या प्लॉटचा कापा लांबवायचा, कारण ऊन नसलं की घासात नायट्रेट साठतो आणि तो रक्तच बिघडवतो. ते तात्यांकडे झालं नाही, पण वाट कशाला बघायची.

मशिनच्या धुण्याला वेगळा पाईप टाकला. ते पाणी आता गोठ्याची फरशी धुवायला नाही, घासालाही नाही, बांधावरच्या बाभळी-सुबाभळींच्या चरात जातं. हा उपाय शंभर टक्के पटलेला नाही मला, सोडियम तिथेही जाणारच, पण निदान घासाची जमीन वाचते. साचणाऱ्या कोपऱ्याला माती परीक्षण करून जिप्सम दिलं. औषधाचं दूध आणि वार शेणखताच्या खड्ड्यातपण नको, वेगळा खोल खड्डा आणि चुना.

निकाल

ओढ्यात थेंब जात नाही, हे नक्की. शेजाऱ्याच्या विहिरीचा वास पुढच्या पावसाळ्यानंतर गेला, त्याचा अर्ज त्याने मागे घेतला नाही पण पुढे रेटलाही नाही. २०२४ मध्ये व्यायलेल्यांपैकी एकच गाय बसली, ती उठली. रासायनिक खताच्या गोण्या हत्तीघासापुरत्या जवळपास बंद. मे महिन्यात घास हिरवा राहतो आणि मुरघासावरचा भार कमी होतो, वहिनींच्या वहीत हा सगळ्यात मोठा फायदा लिहिलाय, माझ्या डोक्यात तो चौथ्या नंबरवर होता. जमिनीचा कोपरा सुधारतोय, सावकाश.

गंमत म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात तोच शेजारी पाणी मागायला आला. तात्यांनी सरळ दिलं नाही. जुन्या भांडणाचा राग म्हणून नाही, तर त्याच्या तुकड्यात टोमॅटो होता म्हणून. कच्चं खायच्या भाजीला हे पाणी चालत नाही, १९८९ च्या त्याच मार्गदर्शनात त्याला जिवाणूंची वेगळी कडक अट आहे आणि आपण ती टेस्टपण करत नाही. "मका लाव, मग ने," म्हणाले. त्याने अजून लावलेला नाही.

परत करायचं असतं तर

पहिलं, खोदाईच्या आधी आठवडाभर गटाराजवळ बसलो असतो आणि कोण काय ओततं ते लिहून काढलं असतं. मोरचूद, कॉस्टिक, औषधाचं दूध हे तीन पाईप पहिल्या दिवशी वेगळे केले असते तर खर्च दहा-बारा हजार, नंतर फरशी फोडून केले तर चाळीस.

दुसरं, पहिल्या रिपोर्टमध्येच पोटॅश, सोडियम आणि क्षारता मागितली असती. लॅबवाले सांडपाणी म्हटलं की बीओडी, सीओडी, पीएच देतात आणि सिंचनाचं पाणी म्हटलं की क्षार देतात, गोठ्याच्या पाण्याला दोन्ही लागतात पण फॉर्म दोन वेगळे आहेत. यात दोष कोणाचा नाही, विचारणारा मी होतो.

तिसरं, डॉक्टरांना डिझाईनच्या वेळीच बसवलं असतं. कुरणाच्या वेळी ते योगायोगाने चहाला आले होते म्हणून वासरं वाचली. नसते आले तर पोराने स्प्रिंकलर चालू केलाच असता, आणि ते आम्हाला आणखी चार वर्षांनी कळलं असतं.

कर्दळीचा वाफा मात्र कदाचित केला नसता. त्याने बीओडी थोडा कमी होतो हे खरं, पण खडी दोन वर्षांत भरत आली, ती काढून धुवायला आठवडा गेला, आणि जमिनीवर द्यायच्या पाण्याला एवढ्या पॉलिशची गरज नव्हती. दिसायला छान दिसतो, बघायला येणारे सगळे तिथेच फोटो काढतात.

मोरचुदाचा प्रश्न अर्धाच सुटलाय. पायधुणी आता पंधरवड्याने आणि लहान ट्रेमध्ये, वापरलेलं निळं पाणी कागद टाकलेल्या खड्ड्यात चुना घालून उन्हात आटवतात, तांबं खाली गाळात बसतं. तो गाळ घासाला नाही, शेणखतात नाही, शेतात नाही. प्लास्टिकच्या दोन गोण्या भरल्यात, तोंड बांधून शेडच्या कोपऱ्यात ठेवल्यात, वर तात्यांनी खडूने "हात लावू नये" लिहिलंय. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.